दोरी ओढल्यानंतरचं एक मिनिट : फ्रीमाँटच्या नुम्मी कारखान्याचं प्रकरण

चाकणच्या एका कारखान्यात प्रशिक्षणासाठी गेलो होतो. असेंब्ली लाईनवर प्रत्येक स्टेशनच्या डोक्यावर पिवळी दोरी ताणलेली होती. काही अडलं, काही चुकलं, तर कामगारानं ती ओढायची. फलकावर दिवा लागतो, मदत येते. दोरीवर बोटभर धूळ साचली होती. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा दाराच्या कडेचं रबर बसवत होता. एका कोपऱ्यात ते नीट बसत नव्हतं. त्यानं अंगठ्यानं दोनदा दाबून पाहिलं, तिसऱ्यांदा दाबेपर्यंत गाडी पुढे सरकली. चहाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "दोरी का नाही ओढलीस?" तो म्हणाला, "सर, ओढली की सुपरवायझर येतात. आले की पहिल्यांदा माझं नाव विचारतात."

कामगारांना निर्णयाचं स्वातंत्र्य द्यायचं, हे आज बहुतेक कारखान्यांच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. भिंतीवरून ते लाईनवर का उतरत नाही, याचं उत्तर मला ज्या एका प्रकरणात सर्वांत स्वच्छ दिसतं, ते चाळीस वर्षांपूर्वीचं आहे आणि कॅलिफोर्नियातलं आहे. फ्रीमाँट गावातला न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजेच नुम्मी.

या जागी १९६०च्या दशकापासून जनरल मोटर्सचा कारखाना होता आणि त्याची कीर्ती वाईट होती. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर. सोमवारी किंवा शुक्रवारी कधी इतके लोक दांडी मारत की लाईन सुरू करायला माणसं पुरत नसत. तक्रारींचा ढीग हजारोंनी साचलेला, अधूनमधून अचानक काम बंद, शिफ्टमध्ये दारू. या सगळ्यावर एकच नियम ठाम होता : लाईन थांबता कामा नये. चुकीचा भाग बसला, बोल्ट राहून गेला, तरी गाडी पुढे गेलीच पाहिजे. दुरुस्ती शेवटी, मागच्या मोकळ्या जागेत. चूक दिसत असूनही ती पुढे ढकलणं हेच ज्याचं रोजचं काम, त्या माणसाच्या मनात कामाविषयी काय उरत असेल? कारखाना १९८२ साली बंद पडला आणि हजारो लोक घरी बसले.

दोन वर्षांनी तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा हा संयुक्त उपक्रम. जागा आणि इमारत जनरल मोटर्सची, चालवायची जबाबदारी टोयोटाची. टोयोटाला अमेरिकेत, अमेरिकी कामगार आणि त्यांची संघटना यांच्यासोबत आपली पद्धत चालते का, हे पाहायचं होतं. जनरल मोटर्सला छोटी गाडी कमी खर्चात आणि चांगली कशी बनवायची, ते शिकायचं होतं. युनायटेड ऑटो वर्कर्स ही संघटना कायम राहिली, आणि सुरुवातीला घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या कारखान्यातलेच होते. जुन्या संघटनेचे बरेचसे पुढारीसुद्धा परत आले. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, शेव्हर्ले नोव्हा.

दोन वर्षांत, १९८६ अखेर, या कारखान्याची उत्पादकता जनरल मोटर्सच्या इतर कुठल्याही कारखान्यापेक्षा जास्त होती आणि त्याच जागेवरच्या जुन्या कारखान्याच्या दुपटीहून अधिक. गैरहजेरी ३-४ टक्क्यांवर आली. १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तुलना केली तेव्हा एक गाडी जोडायला जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१ तास लागत होते, नुम्मीत १९ आणि टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात १६. शंभर गाड्यांमागे जोडणीतले दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३५, नुम्मी आणि ताकाओकात ४५-४५. माणसं तीच, छप्पर तेच, संघटना तीच. यंत्रसामग्री काही बदलली, पण ती फार अद्ययावत नव्हती. त्याच काळात जनरल मोटर्स इतरत्र यंत्रमानवांवर प्रचंड पैसा घालत होती.

मग बदललं काय? इथे घाई करू नये असं मला वाटतं, कारण "संस्कृती बदलली" असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

ताकाओकातले तीन आठवडे

लाईन सुरू होण्याआधी सुमारे ४५० टीम लीडर आणि ग्रुप लीडर तीन आठवड्यांसाठी टोयोटा शहरातल्या ताकाओका कारखान्यात पाठवले गेले. कोरोला तिथेच बनत होती. वर्गातली व्याख्यानं थोडी. बाकी वेळ प्रत्यक्ष लाईनवर, जपानी टीम लीडरच्या शेजारी उभं राहून तेच काम करायचं. लोक गेले ते शंका घेऊनच. त्यांच्यावर परिणाम झाला तो एका साध्या गोष्टीचा : काम करताना चुकलं, मागे पडलं, की शेजारचा माणूस धावून यायचा आणि "काय झालं?" असं विचारायचा. टोयोटात काम करणारे जॉन शूक या प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांपैकी एक. त्यांनी एका अमेरिकी कामगाराची आठवण नोंदवून ठेवली आहे. इथून काय घेऊन जावंसं वाटतं, असं विचारल्यावर तो जे म्हणाला त्याचा आशय असा : इथे अडचण आली की पाच वेळा "का" विचारतात, आमच्याकडे पाच वेळा "कोण" विचारतात.

चाकणच्या त्या मुलाचं वाक्य ऐकलं तेव्हा मला हीच आठवण झाली.

शिकवण्याची रीतही ठरलेली होती, आणि तिचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी शिकणाऱ्याला मोकळं करायचं, काम कशासाठी आहे ते सांगायचं. मग प्रत्येक पायरी करून दाखवायची : कुठली पायरी, तिच्यातली नेमकी खुबी काय आणि ती तशीच का. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, करता करता त्याला ते बोलायला लावायचं. शेवटी त्याला कामावर सोडायचं, पण अडलं तर कुणाकडे जायचं ते सांगून, आणि स्वतः अधूनमधून येऊन पाहायचं. ही पद्धत मुळात अमेरिकेतलीच. दुसऱ्या महायुद्धात कुशल कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखे लोक भरले, तेव्हा १९४० ते १९४५ या काळात अमेरिकी सरकारनं ती हजारो कारखान्यांतल्या सुपरवायझरना शिकवली. युद्ध संपलं आणि अमेरिका ती विसरली. जपाननं ती उचलली, टोयोटानं १९५०च्या दशकात अंगी भिनवली, आणि तीस वर्षांनी ती जपानहून फ्रीमाँटला परत आली. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही, हे तिचं मूळ सूत्र. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नव्या मुलाला जुन्या माणसाशेजारी उभं करतात आणि म्हणतात, "बघ आणि शीक." तो बघतो, काय बघायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दोरी

आता ती दोरी. लाईन थांबवण्याची व्यवस्था फ्रीमाँटला बसवायची का, हा प्रश्न जनरल मोटर्सच्या लोकांना पडला होता. याच कामगारांच्या हाती लाईन थांबवण्याचा अधिकार द्यायचा? शूक सांगतात, टोयोटाचं उत्तर असं होतं की अधिकाराची गोष्टच नाही. अडचण दिसली की लाईन थांबवणं हे त्यांचं कर्तव्य राहील.

हे यंत्र चालतं कसं ते बारकाईनं पाहावं. लाईनवर एका गाडीचं काम साधारण मिनिटाभराचं. कामगाराला बोल्ट आडवा बसल्याचं लक्षात येतं. तो दोरी ओढतो. एक धून वाजते, डोक्यावरच्या फलकावर त्याच्या स्टेशनचा दिवा लागतो. लाईन मात्र तत्क्षणी थांबत नाही. गाडी त्या स्टेशनच्या हद्दीच्या टोकापर्यंत सरकत राहते. तेवढ्या वेळात टीम लीडर पोचतो. तो चार ते सहा जणांच्या टीममधलाच, संघटनेचाच सदस्य, स्वतः टीममधली सगळी कामं येणारा. तो आणि कामगार मिळून बोल्ट काढतात, नवा लावतात. जमलं तर पुन्हा दोरी ओढायची, दिवा विझतो, लाईन अखंड चालते. नाही जमलं तर हद्द आली की लाईन थांबते आणि सगळ्यांना दिसतं की कुठे थांबली.

म्हणजे बहुतेक वेळा दोरी ओढल्यानं लाईन थांबतच नाही. ती एका माणसाला बोलावते. कामगाराचं स्वातंत्र्य त्या दोरीत नसून पुढच्या पन्नास-साठ सेकंदांत असतं : कोण येतं, किती वेगानं येतं आणि तोंडातून पहिला शब्द कोणता निघतो. सहा माणसांमागे एक मोकळा टीम लीडर ठेवणं हा खर्च आहे. अनेक कारखाने दोरी विकत घेतात आणि हा माणूस वाचवतात. सुपरवायझरच्या हाताखाली तीस-चाळीस लोक, तो मस्टरच्या खोलीत किंवा मीटिंगमध्ये. दिवा लागतो, विझत नाही, आणि आठवड्याभरात कामगाराला कळतं की ओढण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट वरवर उलटी वाटते. नुम्मीत काम अत्यंत काटेकोर बांधलेलं होतं. कुठल्या हातानं स्क्रू उचलायचा, किती पावलं टाकायची, सगळं कागदावर. मग स्वातंत्र्य कसलं? फरक हा की तो कागद लिहिणारा हात बदलला. जुन्या कारखान्यात ऐंशीच्या घरात औद्योगिक अभियंते होते. ते लांबून घड्याळ लावून वेळ ठरवायचे, आणि कामगार त्यांच्यासमोर मुद्दाम हळू काम करायचे. नुम्मीत टीममधले लोकच स्टॉपवॉच घेऊन एकमेकांचं काम मोजायचे, सगळ्यांत सुरक्षित आणि सोपी रीत शोधायचे, दुसऱ्या शिफ्टशी ताडून पाहायचे आणि मग स्वतः मानक लिहायचे. सुधारणा सुचली की तेच पुन्हा बदलायचे. १९९१ या एका वर्षात कामगारांनी १०,००० हून अधिक सूचना दिल्या आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त अमलात आल्या. सूचनापेटी तर आपल्याकडेही प्रत्येक कारखान्यात असते, बहुधा कुलूप लावलेली. तिच्यात चिठ्ठी टाकणाऱ्याला तिचं पुढे काय झालं ते कळत नाही.

कामाचे प्रकारही आटवले गेले. पूर्वी बिनकुशल कामांचे ८० आणि कुशल कामांचे १८ वर्ग होते, "हे माझं काम नाही" म्हणायला भरपूर जागा. आता उत्पादनाचा एकच वर्ग, कुशल कामांचे दोन. टीममधल्या प्रत्येकाला बाकीच्यांची कामं शिकवली जात. अधिकाऱ्यांसाठी राखीव पार्किंग नाही, वेगळं जेवणघर नाही, टायचा आग्रह नाही. या गोष्टी मी एका ओळीत उरकतो, कारण त्या दिसायला सोप्या आणि नक्कल करायलाही सोप्या.

नक्कल करायला अवघड ती पुढची गोष्ट. संघटनेशी झालेल्या करारात कंपनीनं लिहून दिलं होतं की तिचं अस्तित्वच धोक्यात येईल इतकी वाईट परिस्थिती आल्याशिवाय कामगार कपात होणार नाही. आणि त्याआधी अधिकाऱ्यांचे पगार कमी होतील, बाहेर दिलेली कामं परत आत आणली जातील. १९८८ मध्ये याची परीक्षा झाली. नोव्हाची विक्री कोसळली, कारखाना क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आसपास चालू लागला. जुन्या सवयीप्रमाणे शेकडो लोक घरी गेले असते. कुणालाही काढलं नाही. मोकळ्या हातांना प्रशिक्षण दिलं, सुधारणांच्या कामाला लावलं. कामाची वेळ वाचवण्याची युक्ती मी सुचवली तर उद्या माझीच जागा जाईल, ही भीती ज्याच्या मनात आहे तो माणूस युक्ती स्वतःपाशी ठेवतो. आणि तो शहाणाच असतो. १९८८ सालच्या त्या निर्णयानं फ्रीमाँटच्या कामगाराला ही भीती सोडायला कारण मिळालं.

सगळं गोडच होतं असं मी लिहिलं तर तो त्या कामगारांवर अन्याय होईल. जुन्या कारखान्यात एका मिनिटातले साधारण ४५ सेकंद हात चालायचे, नुम्मीत ५७. शरीराला उसंत नाही. संघटनेतल्याच एका गटानं आणि बाहेरच्या अभ्यासकांनी म्हटलं की ही माणसांना ताणावर चालवण्याची पद्धत आहे. १९९३च्या नव्या मॉडेलच्या वेळी तर खांदे, मनगटं आणि पाठीच्या दुखापती वाढल्या, संघटनेनं तक्रार केली आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्यानं कंपनीला दोषी ठरवलं. गाडीचा दर्जा बिघडला की दोरी ओढायची हे सगळ्यांना पक्कं शिकवलं होतं. स्वतःचा खांदा दुखतो म्हणून ओढायची का, हे पुरेसं शिकवलं नव्हतं. नंतर कंपनीनं शरीरश्रमाच्या तज्ज्ञांना घेतलं, कामगारांना मॉडेलच्या आखणीत लवकर बसवलं, आणि १९९५च्या नव्या ट्रकच्या वेळी परिस्थिती बरीच सुधारली. कामगाराला बोलायला शिकवताना कशाविषयी बोलायचं तेही आपणच ठरवतो, हे मला या प्रसंगातून प्रथम नीट कळलं.

जनरल मोटर्स काय शिकली? तिनं आपले १६ व्यवस्थापक नुम्मीत पाठवले होते. ते शिकले, भारावले आणि परत गेल्यावर एकेक करून मोठ्या कंपनीत विखुरले गेले. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइज कारखान्यात टीमपद्धत आणायचा प्रयत्न झाला. तिथे संघटनेत उभी फूट पडली, कामगारांना हा आपल्या हक्कांवरचा डाव वाटला, आणि सुपरवायझरना आपलं महत्त्व जाईल असं वाटलं. दोरी बसली, पण वरच्यांचं मोजमाप किती गाड्या निघाल्या यावरच राहिलं. मग लाईन थांबवू कोण देणार? तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. फ्रीमाँटचे कामगार निदान ताकाओका पाहून आले होते आणि त्याआधी त्यांनी बेकारी पाहिली होती. व्हॅन नाइजच्या सुपरवायझरना यातलं काही न देता त्यांच्याकडून वागणूक तेवढी बदलून मागितली गेली.

नुम्मी २५ वर्षं चालला. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत निघाली आणि भागीदारीतून बाहेर पडली, टोयोटानं एकट्यानं चालवायला नकार दिला, आणि १ एप्रिल २०१० रोजी शेवटची गाडी, एक लाल कोरोला, लाईनवरून उतरली. सुमारे ४,७०० लोकांची नोकरी गेली. लाईनवरचा बोल्ट न् बोल्ट ठरवणाऱ्या त्या माणसांना, कारखाना चालावा की नाही हे मात्र कुणी विचारलं नाही. नंतर ती इमारत टेस्लानं घेतली.

चाकणला मी परत गेलो तेव्हा व्यवस्थापनाला विनंती केली की कामगारांचं सत्र नको, मला सुपरवायझर द्या. बारा जणांना लाईनवर उभं केलं. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं जायचं आणि पहिलं वाक्य बोलायचं. अख्खी सकाळ एवढंच केलं. "कुणी ओढली?" हे वाक्य जिभेवर इतकं बसलेलं होतं की ज्येष्ठ सुपरवायझर स्वतःच थबकायचे, मागे जायचे आणि पुन्हा चालत यायचे. "काय अडलंय?" हे दोन शब्द सहज यायला जेवणाची सुट्टी झाली. लाईनसाठी दोन फिरते टीम लीडर मागितले होते; एक मिळाला.

त्या आठवड्यात दोरी अकरा वेळा ओढली गेली, आधीच्या महिन्यात एकदाही नव्हती. दाराच्या रबराचा तो कोपरा त्यातल्याच एका खेपेत सापडला. पुरवठादाराकडून येणारं रबरच दोन मिलिमीटर आखूड होतं. ते सापडवणारा मुलगा दुसरा होता. ज्याच्याशी मी चहावर बोललो होतो त्याच्या कंत्राटाचे सात महिने भरले होते, त्याला ब्रेक दिला होता, म्हणजे कामावरून कमी केलं होतं.